टळले की कळले? : ‘धूमकेतू’ कथा आणि लघुग्रहाच्या भाकितातील अनिश्चितता

मराठी विज्ञानकथेची चर्चा करताना डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांच्या ‘धूमकेतू’ ह्या कथेचा विचार बहुधा एकाच अंगाने केला जातो. श्रद्धा आणि बुद्धी ह्यांच्या संघर्षाची कथा म्हणून तिच्याकडे पाहण्याचा प्रघात आहे; आणि लेखकाचा हेतू लक्षात घेता तो अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु ज्या भाकितावर ह्या कथेचा सारा डोलारा उभा आहे, त्या भाकिताचे स्वरूप काय, ते किती निश्चित आहे, आणि तितके निश्चित ते असू शकते काय, हे प्रश्न त्यामुळे मागे पडतात. २०२५ च्या आरंभी ‘२०२४ वायआर४’ ह्या लघुग्रहाच्या निमित्ताने जे घडले त्याने हे प्रश्न पुन्हा पुढे आणले आहेत. त्या प्रकरणाच्या प्रकाशात ही कथा पुन्हा वाचावी, आणि अशा भाकिताविषयी लिहिताना आपली मराठी कोठे अडखळते ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कथेची रूपरेषा. कलकत्त्यातील एक हौशी आकाशनिरीक्षक, दत्त, आपल्या दुर्बिणीतून एक नवा धूमकेतू शोधून काढतो आणि त्या धूमकेतूला त्याचे नाव मिळते. धूमकेतू अशुभ, ही घरातील समजूत. तेव्हा शोधाचा आनंद आणि ही धास्ती एकाच घरात शेजारीशेजारी नांदतात. पुढे इंग्लंडातील एका शास्त्रज्ञाच्या गणितातून असे निष्पन्न होते की, हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. वार्ता गुप्त ठेवण्यात येते. निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ एकत्र येतात. अण्वस्त्र वाहून नेणारे यान अवकाशात पाठवून धूमकेतूला त्याच्या वाटेवरून ढळविण्यात येते. इकडे दत्तांच्या घरी अरिष्टनिवारणार्थ यज्ञ होतो, आणि संकट निघून गेल्याचे श्रेय यज्ञाच्या पदरात पडते. ते श्रेय यानाचे, हे वाचकास ठाऊक असते. ह्या विसंगतीत कथेचा उपरोध सामावला आहे.

हा उपरोध परिणामकारक आहे ह्यात शंका नाही. परंतु तो कशाच्या बळावर उभा आहे हे तपासून पाहिले पाहिजे. आघात होणारच होता, यानाने तो होऊ दिला नाही, आणि यज्ञाचा त्याच्याशी संबंध नव्हता, ह्या तीनही विधानांपैकी पहिले विधान संपूर्णपणे निश्चित असेल तरच उरलेल्या दोहोंना धार येते. म्हणून कथेने गणितज्ञाच्या तोंडी निश्चिती घातली आहे. निरीक्षणातील त्रुटी ह्या कथानकाला वळण देत नाही. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र भाकिताची सारी कहाणी म्हणजे त्या त्रुटीचीच कहाणी असते.

आता २०२४ वायआर४ ची हकिकत पाहू. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिली देशातील रिओ हुर्तादो येथील ‘अ‍ॅटलास’ योजनेच्या दुर्बिणीस हा लघुग्रह दिसला. तेव्हा तो पृथ्वीला सर्वांत जवळ येऊन दोन दिवस होऊन गेले होते आणि तो दूर चालला होता. त्याचा व्यास प्रथम ४० ते ९० मीटर मानला गेला. पुढे वेब अवकाश-दुर्बिणीने तो सुमारे ६० मीटर असल्याचे दाखविले. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीच्या वाटेवर येऊ शकतो असे गणित निघाले. जानेवारी २०२५ च्या अखेरीस आघाताची संभाव्यता एक टक्क्याच्या वर गेली आणि तोरिनो मापपट्टीवर, जिच्या पायऱ्या शून्यापासून दहापर्यंत आहेत, त्याला तिसरी पायरी देण्यात आली. १८ फेब्रुवारीस संभाव्यता ३·१ टक्के झाली. दुसऱ्याच दिवशी ती निम्म्यावर आली, आणि २४ फेब्रुवारीच्या सुमारास ०·००४ टक्के इतकी क्षुल्लक राहिली. आघात झालाच तर तो ज्या पट्ट्यात होईल तो पट्टा पूर्व पॅसिफिक महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ह्यांवरून दक्षिण आशियापर्यंत येत होता. मुंबईचे नाव त्यामुळे वृत्तपत्रांतून झळकले.

सामान्य वाचकाला ह्यात एक कोडे पडते. काही आठवडे आकडा चढत गेला, म्हणजे संकट जवळ येत होते. मग एकाएकी तो कोसळला, म्हणजे एकतर शास्त्रज्ञ आधी चुकले असले पाहिजेत, नाहीतर काहीतरी घडून संकट परतले असले पाहिजे. हे दोन्ही तर्क चुकीचे आहेत. परंतु ते का चुकीचे आहेत हे सांगणे आपल्या विज्ञानलेखनाचे काम आहे, आणि ते काम सहसा अपुरे राहते.

ह्याचे कारण असे. लघुग्रहाचे थोड्या दिवसांचे वेध हाती असताना त्याचे स्थान व वेग ह्यांत अल्पशी त्रुटी राहते. वेगातील त्रुटी कक्षेच्या दिशेने सेकंदाला केवळ एक सेंटिमीटर आहे असे धरा. आठ वर्षांत साध्या गुणाकाराने ती सुमारे २,५०० किलोमीटर होते. आणि वेग बदलला की कक्षेचा आवर्तकाळही बदलत असल्यामुळे प्रत्यक्ष फरक त्याच्या सुमारे तिप्पट पडतो. पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. म्हणजे मुंगीच्या चालीएवढ्या त्रुटीत ‘आदळेल’ आणि ‘आदळणार नाही’ ही दोन्ही उत्तरे मावतात. म्हणून गणित एक बिंदू देत नाही; ते एक लांबट पट्टा देते. त्या दिवशी लघुग्रह ह्या पट्ट्यात कोठेतरी असेल, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते. पृथ्वीने त्या पट्ट्याचा जितका वाटा व्यापला असेल, स्थूलमानाने तितकी आघाताची संभाव्यता.

नवे वेध मिळत जातात तसतसा हा पट्टा आखडतो. पृथ्वी अद्याप पट्ट्याच्या आत असेल तर आखडलेल्या पट्ट्यातील तिचा वाटा वाढतो आणि आकडा चढतो. एक घरगुती दाखला घेऊ. स्वारगेटपासून धायरी फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर कोणाचे पाकीट पडले आहे. कोठे पडले ते माहीत नाही. रस्त्याचे शंभर समान तुकडे कल्पिले तर ते धायरी फाट्याच्या शेवटच्या तुकड्यात असण्याची संभाव्यता शंभरांत एक. शोधणारा स्वारगेटकडून निघाला आणि ६८ तुकडे धुंडाळूनही पाकीट सापडले नाही, तर आता उरलेल्या ३२ तुकड्यांत धायरी फाट्याचा वाटा बत्तिसांत एक, म्हणजे ३·१ टक्के. हा आकडा वाढला म्हणून पाकीट धायरीकडे सरकले असे कोणी म्हणणार नाही. पुढच्या पाच तुकड्यांत ते सापडले की धायरी फाट्याचा आकडा शून्य होतो. तेव्हाही पाकीट जागचे हललेले नसते. २०२४ वायआर४ च्या बाबतीत नेमके हेच घडले. चढता आकडा ही धोक्याची चाल नव्हती, आणि उतरता आकडा ही चुकीची कबुली नव्हती. दोन्ही शोधाच्याच पायऱ्या होत्या.

दाखला धायरीचाच घेतला आहे, तेव्हा १८ फेब्रुवारी २०२५ रोजी धायरीतील रहिवाशाला त्या आकड्याचा काय अर्थ होता तेही पाहू. धायरीपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. ३·१ टक्के ही संभाव्यता पृथ्वीवर कोठेतरी आघात होण्याची होती. ती मुंबईची नव्हती आणि धायरीचीही नव्हती. पट्टा पृथ्वीच्या निम्म्या घेराएवढा, म्हणजे २०,००० किलोमीटर लांब धरू, आणि धायरी त्याच्या बरोबर मध्यरेषेवर आहे अशी प्रतिकूल कल्पना करू. १९०८ साली सैबेरियात तुंगुस्का येथे साधारण ह्याच आकाराच्या पिंडाने दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य आडवे केले. त्यावरून उद्ध्वस्त होणाऱ्या प्रदेशाची रुंदी सुमारे ५० किलोमीटर घेता येईल. हा पिंड पट्ट्यावर कोठेही पडण्याचा सारखाच संभव मानला तर धायरी त्या प्रदेशात सापडण्याची संभाव्यता सुमारे तेरा हजारांत एक येते. हा हिशेब ढोबळ आहे हे उघडच आहे. परंतु ‘मुंबईला धोका’ ह्या दोन शब्दांपेक्षा तो वाचकाला पुष्कळ अधिक सांगतो, आणि तो समजावयास शालेय गणित पुरते.

येथे भाषेचा प्रश्न येतो. आकडा उतरल्यावर आपण सहजपणे म्हणतो, ‘धोका टळला.’ मराठीत ‘टळणे’ ह्या क्रियापदाचा अर्थ येणारी गोष्ट बाजूला जाणे असा आहे. साडेसाती टळते, गंडांतर टळते, अपघात टळतो. प्रत्येक ठिकाणी काहीतरी येत होते आणि ते वळले, हा भाव त्यात गृहीत असतो. २०२४ वायआर४ ची कक्षा १८ फेब्रुवारीला जी होती तीच २४ फेब्रुवारीला होती. वळले ते आपले ज्ञान. म्हणून ह्या प्रसंगी ‘टळले’ हे क्रियापद वस्तुस्थितीस सोडून आहे. योग्य क्रियापद ‘कळले’ हे होय. हा शब्दच्छल नव्हे. ‘टळले’ म्हटले की ‘कोणी टाळले?’ हा प्रश्न मागोमाग येतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास उत्सुक असणाऱ्यांची आपल्या समाजात कधीच वाण नव्हती.

ह्या चुकीच्या मुळाशी आपला भाकितांचा वारसा आहे असे वाटते. आकाशाविषयीची दोन प्रकारची भाकिते मराठी माणसाच्या परिचयाची आहेत. पहिला प्रकार पंचांगातील गणिताचा. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष घटिकापळांत सांगितला जातो आणि तसा तो घडतो. व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्या गणितींनी पंचांगाचे गणित दृक्प्रत्ययाशी जुळावे म्हणून जे परिश्रम केले, त्यांमुळे खगोलशास्त्राचे भाकीत म्हणजे बिनचूक भाकीत, अशी आपली धारणा दृढ झाली. दुसरा प्रकार फलज्योतिषाचा. त्याची भाकिते अशा शब्दांत असतात की ती खोटी ठरविणेच अवघड जावे. एक प्रकार कधी चुकत नाही म्हणून आणि दुसरा पकडला जात नाही म्हणून, दोहोंतही त्रुटीचा आकडा सोबत देण्याची गरज पडलेली नाही. लघुग्रहाचे भाकीत तिसऱ्या प्रकारचे आहे: ते गणिती असूनही अनिश्चित आहे, आणि किती अनिश्चित आहे हे तेच सांगते. ह्या तिसऱ्या प्रकारासाठी आपल्या वाचकाच्या मनात अद्याप खण नाही. त्यामुळे ते पहिल्या खणात गेले तर ‘शास्त्रज्ञ चुकले’ आणि दुसऱ्या खणात गेले तर ‘अरिष्ट टळले’ असे त्याचे वाचन होते.

वास्तविक हा तिसरा प्रकार नवा नाही, आणि त्याचा एक प्राचीन नमुना धूमकेतूच्याच इतिहासात सापडतो. हॅलेच्या धूमकेतूच्या पुनरागमनाचे गणित करताना फ्रेंच गणिती क्लेरो ह्याने १७५८ च्या नोव्हेंबरात असे जाहीर केले की, तो १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, आणि ह्यात एक महिन्याचा फरक पडू शकेल. धूमकेतू १३ मार्चला त्या बिंदूवर आला. गणित सुमारे एक महिन्याने चुकले, परंतु भाकीत चुकले असे म्हणता येत नाही. कारण महिन्याची सूट त्या भाकिताचाच भाग होती.

ह्यावरून ‘धूमकेतू’ कथेवरील पहिला आक्षेप स्पष्ट होतो. सांस्कृतिक अर्थाच्या दृष्टीने धूमकेतूची निवड अचूक आहे, कारण अशुभाची समजूत त्याच्याशीच निगडित आहे. परंतु भौतिक दृष्टीने निश्चित भाकितास धूमकेतूइतका प्रतिकूल पिंड दुसरा नाही. सूर्याजवळ येताना त्याच्यातील बर्फाची वाफ होते, तिचे झोत सुटतात, आणि ते झोत त्यालाच हळूहळू ढकलतात. लघुग्रहालाही सूर्याने तापलेल्या बाजूकडून निसटणाऱ्या उष्णतेचा सूक्ष्म रेटा बसतो; त्याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. धूमकेतूचा रेटा त्याहून फार मोठा आणि अनियमित असतो. आघातापूर्वी महिनोन्‌महिने निश्चिती देणारे गणित धूमकेतूच्या बाबतीत मिळणे म्हणूनच कठीण. लघुग्रहाच्या बाबतीत निश्चिती मिळाल्याची उदाहरणे आहेत, पण ती ऐनवेळची. ‘२००८ टीसी३’ हा काही मीटरांचा पिंड ६ ऑक्टोबर २००८ रोजी दिसला आणि एक दिवस भरण्याच्या आतच, वर्तविल्याप्रमाणे, सुदानच्या आकाशात फुटला.

शिवाय त्रुटीचा जो आकडा दिला जातो तोही एका गृहीतकाच्या आतला असतो, हे महाराष्ट्रातील अभ्यासकाने तरी विसरू नये. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर, सुमारे १·८ किलोमीटर व्यासाचे, असाच एक आघात प्रत्यक्ष झाल्याची साक्ष आहे. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे, सहा हजारांच्या फरकाने, काढण्यात आले. २०११ साली दुसऱ्या पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे, ४७,००० च्या फरकाने, निघाले. दोन्ही उत्तरांसोबत त्रुटी आहे. तथापि दोन उत्तरांमधील अंतर त्या दोन्ही त्रुटींच्या कितीतरी पट आहे. झालेल्या आघाताविषयी हे, तर होणाऱ्या आघाताविषयी किती सावधपणे बोलावे लागेल!

कथेवरील दुसरा आक्षेप गुप्ततेचा. कथेत आघाताची वार्ता लोकांपासून दडविली जाते. आजची पद्धत नेमकी उलट आहे: अमेरिकेची नासा आणि युरोपीय अवकाश संस्था ह्या दोन्ही आपली गणिते प्रसिद्ध करतात आणि रोज सुधारतात. ह्या उघडेपणाची किंमत म्हणजे चढउताराचा जो गोंधळ जगाने फेब्रुवारीत पाहिला तो. परंतु गुप्तता राखली असती तर नवे वेध जगभरच्या दुर्बिणींकडून मिळाले नसते, जुन्या छायाचित्रांतून त्या पिंडाचा माग काढता आला नसता, आणि पट्टा आखडलाच नसता. १९९८ च्या मार्चमध्ये ‘१९९७ एक्सएफ११’ ह्या लघुग्रहाविषयी उठलेली भीती एका दिवसात शमली, ती १९९० सालच्या छायाचित्रांत तो सापडला म्हणून.

ह्यावर असे म्हटले जाईल की, कथा ही कथा आहे. तिला निश्चित संकट लागते, आणि टक्केवारीतून नाट्य निर्माण होत नाही. हा आक्षेप विचारार्ह आहे. ही कथा ज्या काळातील आहे त्या काळी तोरिनो मापपट्टीही नव्हती; ती १९९९ ची. तेव्हा लेखकाने ज्याची कल्पना केली तेच आश्चर्य. पिंडाला वाटेवरून ढळविण्याची त्यांची कल्पना २६ सप्टेंबर २०२२ रोजी एका अर्थी खरी ठरली: ‘डार्ट’ यान डायमॉर्फस ह्या छोट्या पिंडावर आदळले आणि त्याचा सुमारे बारा तासांचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून अधिक घटला, तेही अण्वस्त्रावाचून. परंतु टक्केवारीत नाट्य नाही, हे मान्य करता येत नाही. यान बांधावयास वर्षे लागतात. म्हणून निर्णय आकडा तीन टक्के असतानाच घ्यावा लागतो. शंभर टक्के होईपर्यंत थांबले तर वेळ निघून जाते, आणि आधी निघाले तर बहुधा तो खर्च व्यर्थ ठरतो. अशा वेळी जबाबदारी घेणारा मनुष्य काय करील? ह्या प्रश्नात जितके नाट्य आहे तितके निश्चित आघातात नाही.

आणि यज्ञाच्या बाजूनेही कथा अधिक कठोर झाली असती. यानाने धूमकेतू वळविला तेव्हा यज्ञाच्या दाव्याचा प्रतिवाद सोपा आहे. पण यान गेलेच नाही, आकडा आपोआप उतरला, आणि मधल्या आठवड्यात कोणी शांती केली होती, तर? तेथे प्रतिवादाला यान उपलब्ध नाही. तेथे संभाव्यतेचा अर्थ समजलेला वाचकच तेवढा उपयोगी पडतो. नारळीकरांना ह्या जातीच्या युक्तिवादाचे महत्त्व पूर्णपणे ठाऊक होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर व संख्याशास्त्रज्ञ सहकाऱ्यांसह त्यांनी महाराष्ट्रातील ज्योतिषांची जी चाचणी घेतली आणि २००९ साली प्रसिद्ध केली, तिच्यात २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखावयास सांगितले होते. सरासरी यश ४६ टक्के आले. नाणेफेकीने ५० टक्के येते. भाकीत एकदा खरे ठरले ह्याला काही किंमत नाही, ते किती वेळा खरे ठरते हे मोजा, हा त्या चाचणीचा धडा. कथाकार नारळीकरांनी जेथे निश्चितीचा आधार घेतला तेथे संशोधक नारळीकरांनी मोजणीचा आधार घेतला. ह्या दोहोंपैकी दुसरी वाट आपल्या विज्ञानकथेने अजून पुरेशी चोखाळलेली नाही, असे म्हणावेसे वाटते.

ह्या विवेचनाचा व्यावहारिक उपयोगही आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी ‘अपोफिस’ हा तीनशे मीटरांहून मोठा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरांवरून जाणार आहे. २००४ च्या डिसेंबरात त्याच्या आघाताची संभाव्यता २·७ टक्क्यांपर्यंत चढली होती. जुन्या छायाचित्रांनी ती शून्यावर आणली, आणि २०२१ च्या रडार-वेधांनंतर पुढील शंभर वर्षांचा धोकाही यादीतून काढण्यात आला. त्या दिवसाच्या आगेमागे मराठीत पुष्कळ लिहिले जाईल. तो जवळून ‘जाणार’ हे आता ग्रहणाच्या जातीचे विधान झाले आहे. ते तसे कसे झाले, किती वेधांनी पट्टा किती आखडला, हे लिहिणाऱ्याने सांगावे. विभागातील विद्यार्थ्यांनी २०२५ च्या फेब्रुवारीतील मराठी वृत्तांचे संकलन करून त्यांत ‘धोका’, ‘शक्यता’, ‘संभाव्यता’, ‘अंदाज’ आणि ‘टळणे’ हे शब्द कोणत्या अर्थाने आले आहेत ह्याचा अभ्यास हाती घेतल्यास, चार वर्षांनंतरच्या त्या लेखनासाठी एक उपयुक्त पूर्वतयारी होईल.